बागेतील आच्छादन : रबराचे की पालापाचोळ्याचे?

अमेरिका व युरोपातील उद्यानांत जुन्या टायरांचे बारीक तुकडे करून ते झाडांच्या बुडाशी, पायवाटांवर आणि मुलांच्या झोपाळ्यांखाली पसरण्याची पद्धत गेली काही दशके रूढ आहे. आपल्याकडेही शहरांतील क्रीडांगणांवर रबराचा थर दिसू लागला आहे. हिंगोली जिल्ह्यातील ग्रामपंचायती, शाळा व देवस्थाने आपल्या आवारात बाग करावयास निघतात, तेव्हा हा माल आपणही वापरावा काय, असा प्रश्न त्यांच्यापुढे येऊ शकतो. दिसावयास नीटनेटका, वर्षानुवर्षे टिकणारा आणि टाकाऊ टायरांची विल्हेवाट लावणारा असा हा पदार्थ वरवर पाहता लाभदायक वाटतो. तथापि आच्छादनाचे खरे काम कोणते हे नीट समजून घेतले, म्हणजे कोणत्या जागी काय पसरावे याचा निर्णय करणे अवघड जात नाही.

आच्छादन कोणते काम करते?

जमिनीचा उघडा पृष्ठभाग झाकण्यासाठी त्यावर जो थर पसरतात त्यास आच्छादन म्हणतात. हा थर मुख्यतः पाच कामे करतो. तो जमिनीवर सावली धरतो. जमिनीलगतची हवा स्थिर ठेवून बाष्पीभवन कमी करतो. पावसाच्या थेंबांचा मारा स्वतःवर घेऊन माती वाहून जाऊ देत नाही. तणांच्या बियांना उजेड मिळू न दिल्याने तण कमी उगवते. आणि पाचवे काम असे की, तो हळूहळू कुजून मातीत मिसळतो व तिचा कस वाढवितो.

जिल्ह्यातील काळ्या जमिनीत या कामांचे महत्त्व विशेष आहे. येथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. काळी माती ओली असता फुगते व वाळली म्हणजे आकसून भेगाळते. या भेगांवाटे केवळ वरच्या थरातील नव्हे, तर खोलवरची ओलही उडून जाते आणि झाडांची कोवळी मुळे तुटतात. मे महिन्यात उघड्या भांड्यातील पाणी रोज सुमारे १ सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक आटते. एक गुंठा क्षेत्रावर १ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे एक हजार लिटर, अर्थात दोनशे लिटरची पाच पिंपे. नुकत्याच भिजविलेल्या उघड्या जमिनीतून पहिल्या दिवशी जवळजवळ याच गतीने पाणी उडते. पुढे वरचा थर वाळल्यावर ही गती मंदावते. परंतु तोपर्यंत वरच्या थरातील बरीच ओल निघून गेलेली असते. ज्या शाळेत बागेसाठी पाणी घागरीने आणावे लागते, तेथे या हिशेबाचे मोल निराळे सांगावयास नको.

रबराचे आच्छादन कसे तयार होते?

निकामी टायर यंत्रात घालून त्यांचे तुकडे करतात, त्यांतील पोलादी तारा चुंबकाने वेगळ्या काढतात आणि उरलेल्या तुकड्यांना बहुधा तपकिरी, हिरवा किंवा तांबडा रंग देतात. या मालाचे काही गुण मान्य केले पाहिजेत. तो जड असल्याने वाऱ्याने उडत नाही. त्यातून पाणी सहज खाली उतरते. वाळवी त्यास खात नाही. त्यावर पडले असता मार कमी लागतो. अमेरिकेच्या ग्राहक वस्तू सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेनुसार ६ इंच जाडीचा रबराच्या तुकड्यांचा थर १० फुटांपर्यंतच्या उंचीवरून पडणाऱ्या मुलास गंभीर दुखापतीपासून वाचविण्यास पुरेसा समजला जातो. त्याच मार्गदर्शिकेत लाकडाच्या ढलप्यांच्या ९ इंच थरालाही तितकीच योग्यता दिली आहे, तर ९ इंच वाळूस ४ फुटांपर्यंतची. यावरून क्रीडांगणाच्या कामीदेखील रबराला पर्याय आहे, हे ध्यानात यावे.

रबराच्या उणिवा

पहिली उणीव ही की, रबर कुजत नाही. ज्या गुणामुळे तो टिकाऊ ठरतो, त्याच गुणामुळे तो जमिनीस काहीही देत नाही. पालापाचोळा कुजताना गांडुळे व सूक्ष्म जंतू यांचे पोषण होते, माती भुसभुशीत होते व तिची पाणी धरून ठेवण्याची शक्ती वाढते. रबराखालील माती वर्षे लोटली तरी होती तशीच राहते. आच्छादनाच्या पाच कामांपैकी पाचवे काम रबराकडून होत नाही आणि काळ्या जमिनीस तर त्याचीच गरज अधिक आहे.

दुसरी उणीव रसायनांची आहे. टायरचे रबर टणक करण्यासाठी त्यात जस्ताचे संयुग मिसळलेले असते व टायरच्या वजनाच्या सुमारे १ ते २ टक्के भाग जस्ताचा असतो. मराठवाड्यातील पुष्कळ जमिनींत जस्ताची उणीव आढळते व शेतकरी जस्त सल्फेट देतात; तेव्हा रबरातील जस्त उपकारकच नव्हे काय, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर हिशेबाने देता येते. हेक्टरी २५ किलो जस्त सल्फेट दिले असता त्यातून सुमारे ५ किलो जस्त मिळते, म्हणजे गुंठ्यास ५० ग्रॅम. याउलट एका गुंठ्यावर ५ सेंटिमीटर जाडीचा रबराचा थर द्यावयाचा तर सुमारे दोन टन माल लागतो. त्यात जस्त एक टक्का धरले तरी ते २० किलो होते, म्हणजे गरजेच्या चारशे पट. हे जस्त एकदम मोकळे होत नाही. वर्षानुवर्षे थोडे थोडे झिरपते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याचा बराच भाग बांधला जातो हेही खरे. परंतु एकदा मातीत साठलेले जस्त परत काढून घेण्याचा सोपा उपाय नाही. दाणेदार खत मोजून देणारा शेतकरी ज्या वस्तूचे प्रमाण त्याच्या हाती राहत नाही, ती शेतात घालील हे संभवत नाही.

जस्ताखेरीज इतरही द्रव्ये टायरमध्ये असतात. टायर लवकर तडकू नये म्हणून घातलेल्या एका द्रव्याचा हवेतील ओझोनशी संयोग होऊन जे संयुग बनते, त्यामुळे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओढ्यांत कोहो जातीचे सॅमन मासे मरतात, असे २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकसंबंधी केलेल्या नियमानुसार खेळांच्या कृत्रिम मैदानांत भरावयाच्या अशा बारीक कणांची विक्री ऑक्टोबर २०३१ पासून बंद व्हावयाची आहे. ज्या देशांत हा माल रूढ झाला, तेथेच त्याबद्दल फेरविचार चालू आहे, हे नव्याने वापर करू इच्छिणाऱ्यांनी विसरू नये.

तिसरी उणीव उष्णतेची व आगीची. मे महिन्याच्या उन्हात रबर इतके तापते की त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. अशा थराखाली लावलेल्या कोवळ्या रोपाच्या खोडास चटका बसण्याचा संभव असतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात तेरा प्रकारची आच्छादने पेटवून केलेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रबराचा चुरा लवकर पेट घेणाऱ्यांत गणला गेला. वाळलेला पेंढाही पेटतो, परंतु तो पाण्याने विझतो व त्याची राख होते. रबर पेटले म्हणजे दाट काळा धूर व तेलकट द्रव बाहेर पडतो आणि आग विझविणे कठीण जाते. होळी, फटाके अथवा विडीचे थोटूक यांपैकी कोणतेही कारण त्यास पुरेसे होते.

चौथी उणीव ही की, चूक झाली तर ती दुरुस्त करणे सोपे नाही. पाचट नकोसे झाले तर ते मातीत गाडता येते. रबराचे तुकडे मात्र एकदा चिखलात तुडविले गेले, म्हणजे ते वेचून काढणे केवळ मजुरीचे काम होते.

रबर कोठे चालेल?

यावरून रबर सर्वथा त्याज्य आहे असे समजू नये. जेथे काही उगवावयाचे नाही, अशा जागी त्याचा मर्यादित उपयोग होऊ शकतो. झोपाळा व घसरगुंडी यांखालील जागा ही त्यांपैकी प्रमुख. तेथे रबर वापरावयाचे ठरल्यास पुढील काळजी घ्यावी. जागेभोवती विटांची वा दगडांची किनार बांधावी. तुकड्यांखाली पाणी जाऊ देणारे जाड कापड अंथरावे. तार शिल्लक नाही याची हाताने नव्हे, तर चुंबक फिरवून खात्री करावी. विहीर, हातपंप, भाजीपाल्याचे वाफे व फळझाडांची आळी यांपासून ही जागा दूर ठेवावी. पावसाचे पाणी तेथून ओढ्यात अथवा शेतात जाणार नाही अशी उताराची दिशा पाहावी.

टायरांची विल्हेवाट लागावी म्हणून त्यांचे तुकडे बागेत घालावेत, हा युक्तिवाद आता लागू पडत नाही. केंद्र शासनाने २०२२ मध्ये केलेल्या नियमांनुसार टाकाऊ टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी टायर तयार करणाऱ्यांवर व आयात करणाऱ्यांवर टाकण्यात आली आहे. गावातील जुने टायर उघड्यावर पडू देऊ नयेत, कारण त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारे डास वाढतात. ते जाळूही नयेत. ते एकत्र करून रीतसर पुनर्वापरासाठी द्यावेत.

जिल्ह्यात काय उपलब्ध आहे?

आच्छादनासाठी विकत माल आणावा लागेल अशी स्थिती हिंगोली जिल्ह्यात नाही. वर्षाच्या निरनिराळ्या वेळी येथे निरनिराळा पाला हाती येतो. खरिपाच्या मळणीनंतर, ऑक्टोबरच्या सुमारास, सोयाबीनचे भुसकट मिळते. उसाच्या तोडणीबरोबर हिवाळ्यात पाचट मिळते. एका हेक्टर उसापासून साधारणपणे ८ ते १० टन पाचट निघते. जानेवारी ते मार्च या काळात हळद काढण्यापूर्वी तिचा पाला कापतात. वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव व हिंगोली या पाचही तालुक्यांत हळद होत असल्याने हा पाला मोठ्या प्रमाणावर निघतो आणि तो नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे फळझाडांना आच्छादनाची सर्वांत अधिक गरज असते तेव्हा हाती येतो. बांधावरील गिरिपुष्प, सुबाभूळ व करंज यांचा हिरवा पाला पावसाळ्याच्या आरंभी छाटून वापरता येतो.

यांपैकी गुरांना लागणारे भुसकट आधी गुरांसाठी ठेवावे. आच्छादनासाठी उरलेले, भिजलेले किंवा गुरे सोडून देतात ते घ्यावे. पाचट पेटवून देण्याची चाल मात्र सोडून द्यावी. पाचटात वजनाच्या सुमारे अर्धा टक्का नत्र असते. ते पेटविल्यास हे नत्र धुराबरोबर निघून जाते, वरच्या थरातील जिवाणू भाजून निघतात आणि पुढे तेच नत्र पोत्यातून विकत आणावे लागते. उसाचा खोडवा ठेवावयाचा असल्यास त्याचे पाचट त्याच शेतात सरीत दाबणे हा पहिला हक्काचा उपयोग होय.

हळदीतील आच्छादन

वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे. या नावाची किंमत राखावयाची तर तिच्या कंदाभोवतीची माती स्वच्छ व जिवंत राहिली पाहिजे. हळदीच्या शेतात रबराचे तुकडे कदापि वापरू नयेत. कंद काढताना, शिजविताना व वाळविताना ते मालात मिसळतील, ही भीती तर आहेच.

कोझिकोड येथील भारतीय मसाले पीक संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे लागवडीनंतर लगेच हेक्टरी १२ ते १५ टन हिरव्या पाल्याचे आच्छादन द्यावयाचे असते. गुंठ्यास हे प्रमाण १२० ते १५० किलो पडते. पुढे खुरपणी, खताचा हप्ता व भरणी झाल्यावर पुन्हा एकदा कमी प्रमाणात आच्छादन करतात. इतका हिरवा पाला सर्वांस मिळणार नाही. अशा वेळी जेवढा मिळेल तेवढा संपूर्ण शेतावर विरळ न पसरता काही गादीवाफ्यांवर पुरेसा दाट पसरावा. जमीन दिसत राहील इतक्या विरळ थराने ना तण अडते, ना ओल टिकते.

भारी जमिनीत एक दक्षता अवश्य घ्यावी. जुलै-ऑगस्टमधील संततधार पावसात वाफ्यांमधील सऱ्या मोकळ्या ठेवाव्यात. आच्छादन सरीत साचून पाणी तुंबले तर कंदकुजीस आमंत्रण मिळते. त्याचप्रमाणे ज्या शेतात करपा वा कंदकुज झाली होती, तेथील पाला पुन्हा हळदीवर पसरू नये. तो खड्ड्यात चांगला कुजवून अन्य पिकास द्यावा.

परसबाग, शाळेची बाग व देवळाचे आवार

फळझाडाच्या आळ्यात वाळलेल्या पाल्याचा ७ ते १० सेंटिमीटर जाड थर द्यावा. हा थर खोडास चिकटवू नये. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, म्हणजे साल कुजत नाही व वाळवीस वाट मिळत नाही. भाजीपाल्याच्या व फुलझाडांच्या वाफ्यांवर रोपे वीतभर उंच झाल्यावर ३ ते ५ सेंटिमीटर थर पुरे होतो. वाळलेल्या मालाचे गुंठ्यास सुमारे ५० ते ६० किलो प्रमाण धरावे. आच्छादन करण्यापूर्वी तण काढून जमीन भिजवावी व वाफसा आल्यावर थर द्यावा. कोरड्या जमिनीवर पसरलेले आच्छादन हलका पाऊस स्वतःच पिऊन टाकते आणि खालची माती कोरडीच राहते.

पेंढा व पाचट यांत कर्ब अधिक व नत्र थोडे असते. हा माल मातीत मिसळल्यास कुजविणारे जंतू मातीतील नत्र स्वतःकडे ओढून घेतात व झाडे काही दिवस पिवळी पडतात. म्हणून तो मातीवर राहू द्यावा, मातीत खणून घालू नये. तरीही पाने फिकट दिसल्यास थोडे शेणखत किंवा नत्रयुक्त खत द्यावे.

पायवाटांसाठी मुरूम, विटांचा चुरा किंवा नदीतील गोटे हे उपाय स्वस्त व निर्धोक आहेत. मुलांच्या खेळाच्या जागी लाकडाच्या ढलप्या मिळत नसतील व झोपाळा ठेंगणा असेल, तर वाळूचा जाड थर द्यावा आणि तो दर काही दिवसांनी उकरून मऊ ठेवावा.

पालापाचोळ्याचेही काही दोष आहेत. त्याखाली वाळवी, उंदीर व गोगलगायी आसरा घेतात. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे खाऊन टाकली होती, याची अनेकांस आठवण असेल. जेथे गोगलगायी दिसतात, तेथे रोपे लहान असताना आच्छादन करू नये. सकाळ-संध्याकाळ गोगलगायी वेचून साबणाच्या अथवा मिठाच्या पाण्यात टाकाव्यात व रोपे सावरल्यावर थर द्यावा. आच्छादनात हात घालण्यापूर्वी काठीने चाचपून पाहण्याची सवय मुलांस लावावी, कारण उंदरामागे साप येतो.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयावर भाषण देण्यापेक्षा प्रात्यक्षिक घडवून आणावे. शाळेच्या आवारात फेब्रुवारी महिन्यात एकमेकांशेजारी दोन सारखे वाफे करावेत. दोहोंत एकाच दिवशी सारखीच रोपे लावावीत. एकावर हळदीच्या निरोगी पाल्याचे आच्छादन द्यावे, दुसरा उघडा ठेवावा. दोन्ही वाफ्यांस मोजून सारख्याच घागरी पाणी घालावे. चौथ्या व आठव्या दिवशी वीतभर खोल माती काढून मुठीत दाबून पाहावी. गोळा होत असेल तर ओल आहे. भुगा पडत असेल तर पाणी द्यावयाची वेळ झाली. ही नोंद मुलांनी वहीत तारखेसह ठेवावी. दर पंधरवड्यास दोन्ही वाफ्यांतील तण उपटून त्याचे वजन करावे. मे अखेरीस कोणत्या वाफ्यास किती घागरी पाणी लागले याची बेरीज फळ्यावर लिहावी आणि पालकांस ती पाहावयास बोलवावे.

पुढे पावसाळा संपल्यावर त्याच दोन वाफ्यांतील माती शेजारी शेजारी ठेवून दाखवावी. आच्छादनाखालच्या मातीचा रंग, तिचा वास व तिच्यातील गांडुळे ही शेतकऱ्यांस स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावीत. रबराने झाकलेल्या जमिनीतही पहिला उन्हाळाभर ओल टिकेल, याविषयी वाद नाही. फरक दिसतो तो दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी : पाल्याचा थर तेव्हा मातीच झालेला असतो आणि रबर रबरच राहिलेले असते. ज्या आवारात झाडे वाढवावयाची आहेत, तेथे कुजणारेच आच्छादन घालावे.